कमरेवरची जखम महिन्यात भरली नाही तर

 

आजचा विषय आहे कातडीचा कॅन्सर. कॅन्सर म्हटलं की आपल्याला स्तनाचा, गर्भाशयाच्या मुखाचा किंवा तंबाखू-मिसरीमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर आठवतो. ते बरोबरच आहे, आपल्याकडे बायकांना तेच जास्त होतात. कातडीचा कॅन्सर त्या मानाने कमी. आपल्या कातडीत जो सावळा रंग आहे, तो उन्हापासून आपलं रक्षण करतो. गोऱ्या लोकांच्या देशांत उन्हामुळे होणारा हा कॅन्सर फार, आपल्याकडे थोडा.

मग आज त्यावर बोलायचं कशाला? कारण हा कॅन्सर पोटात लपलेला नसतो. तो बाहेर असतो, डोळ्याला दिसतो, बोटाला लागतो. लवकर हाती लागला तर बहुतेक वेळा एका ऑपरेशनमध्ये बरा होतो. आणि असं असूनही मी सर्जन म्हणून पाहते, तर बाई दवाखान्यात येते ती जखम वर्ष-दीड वर्ष पदराखाली झाकून झाल्यावर. त्यातली एक जागा तर अशी आहे की तिथलं घरात कुणालाच दिसत नाही. ती म्हणजे कमर, परकराच्या नाडीखालची.

आज रात्री परकर सैल कराल तेव्हा कमरेला हात लावून बघा. बहुतेकींना तिथे एक काळपट पट्टा लागेल. थोडा खरखरीत, कधी खाजणारा, उन्हाळ्यात घामाने चुणचुणणारा. पंधराव्या-सोळाव्या वर्षापासून रोज त्याच जागी, त्याच बाजूला गाठ मारून नाडी आवळलेली असते. साडीचं सगळं वजन त्या सुतळीएवढ्या दोरीवर. वर दिवसभर वाकून निंदणी, खुरपणी, कापूस वेचणी. घाम, धूळ आणि घासणं, तिन्ही एकाच जागी.

लगेच घाबरू नका. हा काळा पट्टा म्हणजे कॅन्सर नाही. तो असंख्य बायकांना असतो आणि त्यांतल्या फार थोड्यांना पुढे काही होतं. पण ज्यांना होतं त्यांच्यात ते टप्प्याटप्प्याने होतं. आधी पट्टा काळा पडतो, मग जाड होतो, त्यावर कोंडा धरतो. काहींच्यात उलटं होतं, रंग उडून पांढुरका चट्टा येतो. मग तिथे चीर पडते. चीर भरते, पुन्हा उकलते. असं वर्षानुवर्षं चालतं, आणि एक दिवस ती चीर भरायची थांबते.

२०२४ साली वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारच्या मधुबनी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची हकिगत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापली. एकीचं वय सत्तरीच्या पुढे. कुशीत उजव्या बाजूला जखम, दीड वर्ष झालं तरी भरेना, भोवतालच्या कातडीचा रंग उडालेला. ती परकर घट्ट बांधायची. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली. तिला दोन वर्षं जखम होती. ती परकर वापरतच नव्हती, चाळीस वर्षं रोज लुगडंच कमरेला आवळून नेसत होती. दोघींच्या जखमेचा तुकडा तपासला, दोघींना कातडीचा कॅन्सर निघाला. दुसरीचा जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला होता.

या बातम्या तेव्हा वर्तमानपत्रांत ‘पेटीकोट कॅन्सर’ म्हणून आल्या आणि बऱ्याच जणी मला विचारू लागल्या की आता साडी सोडायची का. माझ्या मते हे नावच थोडं फसवं आहे. लुगडं नेसणाऱ्या बाईला तर परकर नव्हताच. दोष साडीचा नाही, लुगड्याचा नाही. एकाच जागी, अरुंद पट्टीत, वर्षानुवर्षं आवळण्याचा आहे. आणि हे फक्त बायकांचं नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलचे डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी डॉ. सूर्यबाई यांनी १९४५ सालीच धोतर घट्ट नेसणाऱ्यांच्या कमरेवर होणाऱ्या अशाच कॅन्सरबद्दल लिहून ठेवलं आहे. म्हणजे आपल्या डॉक्टरांना हे माहीत होऊन पाऊणशे वर्षं उलटून गेली. गावात मात्र ते पोचलं नाही.

कातडीचं असं असतं की तिचा वरचा थर सतत झडतो आणि खालून नवा येतो. जखम झाली की खालच्या पेशी जोरात वाढतात आणि भोक बुजवतात. जखम भरली की त्या थांबतात. पण रोज नवी जखम होत राहिली, तर त्या पेशींना थांबायला उसंतच मिळत नाही. वीस-तीस वर्षं असं चाललं की एखादी पेशी थांबायचं विसरते. तिथून कॅन्सर सुरू होतो. शिवाय जिथे कातडी निबर झालेली असते तिथे रक्त कमी पोचतं, म्हणून शरीराची राखणही तिथे कमी पडते असं मानलं जातं.

हीच गोष्ट भाजल्याच्या जुन्या व्रणांत होते, आणि भाजणं तर आपल्या बायकांच्या नशिबी जास्तच. चूल, स्टोव्ह, उकळतं पाणी, तेल. खोल भाजलेलं असेल आणि तेव्हा वरून कातडी लावली गेली नसेल, तर व्रण ताणलेला, चिवट राहतो. गुडघ्यामागे, कोपरात, काखेत असला तर हालचालीने पुन्हा पुन्हा फाटतो. लहानपणी चुलीत पाय पडलेल्या बाईला पन्नाशीत त्याच व्रणावर जखम होते. मधे कितीतरी वर्षं गेलेली असतात, त्यामुळे त्या दोन गोष्टींचा संबंध कुणी जोडत नाही. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरून बसतात. तिच्या शेकाने पोटावर, मांड्यांवर होणारा कॅन्सर तिथले डॉक्टर फार पूर्वीपासून ओळखतात. जुन्या व्रणावरच्या या कॅन्सरला फ्रान्समधल्या मार्जोलिन नावाच्या सर्जनवरून ‘मार्जोलिन अल्सर’ म्हणतात. तुमच्या केसपेपरवर हे शब्द दिसले तर समजा, डॉक्टरांना या गोष्टीचा संशय आहे.

साधी जखम कुठली आणि संशयाची कुठली हे घरी कसं कळायचं? पहिली खूण दिवसांची. साधी जखम, तिच्यावर पुन्हा पुन्हा घासलं नाही तर, दोन-तीन आठवड्यांत आवळत जाते. महिना उलटला आणि ती तेवढीच आहे किंवा वाढते आहे, तर दाखवायची. जखमेची कड बघा. भरत असलेल्या जखमेची कड उतरती, मऊ असते. संशयाच्या जखमेची कड उचललेली असते, भाकरीची कड जाड राहावी तशी, आणि बोटाला टणक लागते. मध्ये कधी फुलकोबीसारखा लालसर मांसाचा गड्डा येतो, हात लागला की रक्त येतं. लस गळते, घाण वास येतो. आणि एक लक्षात ठेवा, सुरुवातीला ती बरेचदा दुखत नाही. दुखत नाही म्हणून बाई निवांत राहते, आणि नेमकं तिथेच वेळ जातो.

जांघेत किंवा काखेत गाठ लागली तर आपल्याकडे अवधाण उठलं म्हणतात. जखम पिकल्यामुळेही अवधाण उठतं आणि कॅन्सर तिथे पोचल्यामुळेही गाठ होते. हाताने चाचपून नक्की सांगता येत नाही, त्यासाठी सुईने तपासणी करावी लागते.

आणखी दोन प्रकार थोडक्यात सांगते. चेहऱ्यावर, विशेषतः नाकाशेजारी, डोळ्याच्या खालच्या पापणीपाशी एखादी चकचकीत पुळी येते. आपल्या रंगाच्या लोकांत ती बरेचदा काळसर असते, म्हणून तीळ किंवा चामखीळ वाटते. तिच्यावर खपली धरते, खपली पडते, थेंबभर रक्त येतं, पुन्हा खपली धरते. हा कॅन्सर फार सावकाश वाढतो आणि शरीरात दुसरीकडे क्वचितच जातो. पण जागच्या जागी खात जातो, नाक, पापणी पोखरतो. लहान असताना काढली तर चेहऱ्यावर एक रेघ राहते, तेवढंच.

दुसरा प्रकार वेगाने पसरणारा आहे, मेलॅनोमा. तो काळ्या रंगाच्या पेशींचा असतो आणि आपल्यासारख्या सावळ्या लोकांत तो बरेचदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली होतो. तळपायावर काळा डाग आहे, त्याची कड वेडीवाकडी आहे, रंग कुठे गडद कुठे फिका आहे आणि तो वाढतो आहे, तर वाट बघू नका. त्याला कुरूप समजून ब्लेडने तासू नका, अ‍ॅसिड लावू नका. नखाला मार लागून रक्त साकळलं असेल तर तो डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि काही महिन्यांत निघून जातो. जागचा हलत नाही, रुंद होतो, नखाबाहेरच्या कातडीवर उतरतो, तो दाखवायचा. बऱ्याच नखांवर बारीक तपकिरी रेघा असणं मात्र आपल्याकडे साधी गोष्ट आहे.

आता मधल्या काळात काय होतं ते बोलू, कारण माझं भांडण या मधल्या काळाशी आहे. जखम झाली की आधी हळद. मग चुना-गूळ. मग कुणीतरी बिब्बा घालायला सांगतं. बिब्ब्याचं तेल कातडी जाळतं. आधीच रोगट असलेली जागा आणखी जळते आणि मूळ जखम कशी होती हेच कळेनासं होतं. मग मेडिकलच्या दुकानातून मलमाची ट्यूब येते. तिच्यात बहुतेक स्टेरॉईड असतं. त्याने खाज थांबते, लाली जाते, चार दिवस बरं वाटतं. आजार जागच्या जागी. एका ट्यूबने नाही झालं तर दुसरी, दुसऱ्या रंगाची. यात सहा महिने सहज जातात. नंतर साखर वाढली असेल म्हणून रक्त तपासतात. ते करायलाच हवं, मधुमेहात जखमा भरत नाहीतच. पण साखर सापडली म्हणून जखमेचा शोध संपला असं नाही. मधुमेह असलेल्या बाईलाही कॅन्सर होऊ शकतो.

निदान होतं ते फक्त तुकडा तपासून, म्हणजे बायोप्सीने. भरत नसलेली जखम क्षयाची असू शकते, बुरशीची असू शकते, कुष्ठरोगात बधिर झालेल्या पायाची असू शकते. वीस वर्षं काम केलेल्या डॉक्टरलाही नुसतं बघून शंभर टक्के सांगता येत नाही. आणि इथेच सगळं अडतं. परवा एका आजींना घेऊन त्यांचा मुलगा आला होता. आजी पासष्टीच्या, डाव्या कुशीत रुपयाएवढी जखम, कड टणक. मी म्हटलं, तुकडा काढू. मुलगा म्हणाला, “मॅडम, चाकू लागला की पसरतं म्हणतात. आमच्या गावात एकाचं तसंच झालं.”

ही भीती घरोघर आहे, म्हणून नीट उत्तर देते. जखमेचा लहानसा तुकडा काढल्याने हा कॅन्सर शरीरात पसरत नाही. मग गावातल्या त्या माणसाचं काय झालं? तो फार उशिरा आलेला असतो. तुकडा काढायच्या आधीच आजार गाठींत पोचलेला असतो. तपासणी होते, चार महिन्यांनी माणूस जातो, आणि गाव म्हणतं चाकू लावला म्हणून गेला. लवकर आलेली, तुकडा काढलेली, ऑपरेशन होऊन बरी झालेली बाई पुन्हा निंदायला जायला लागते. तिची गोष्ट पारावर कुणी सांगत नाही.

आजींनीच शेवटी मुलाला गप्प केलं. म्हणाल्या, “डॉक्टरीणबाई, काढा तुकडा. दीड वर्ष हळद लावतेय, हळदीला काय ते ठाऊक असतं तर एव्हाना बोलली असती.”

तुकडा काढतात कसा? भरती व्हावं लागत नाही. तुम्हाला रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, साखर-बीपी असेल तर आधी सांगा. जखमेशेजारी बारीक सुईने भुलीचं औषध देतात, तेवढं टोचतं. मग काही कळत नाही. तुकडा जखमेच्या मधून घ्यायचा नसतो, मध्ये मेलेलं मांस असतं. कडेवरून घ्यायचा, थोडी चांगली कातडी आणि थोडी रोगट एकत्र येईल असा. व्रण मोठा असेल तर दोन-तीन ठिकाणचे तुकडे घेतात. एखादा टाका पडतो. मेलॅनोमाचा संशय असेल, तर शक्य तिथे तो अख्खा डागच काढून तपासतात, कारण तो किती खोल गेला आहे यावर पुढचं सगळं ठरतं.

तुकडा फॉर्मॅलिन नावाच्या औषधाच्या बाटलीत पॅथॉलॉजीकडे जातो. तिथे तो मेणाच्या वडीत बसवतात, तिच्यातून कागदाहून पातळ चकत्या कापतात, रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. म्हणून रिपोर्ट लगेच मिळत नाही, थोडे दिवस लागतात. ती मेणाची वडी, जिला डॉक्टर ‘ब्लॉक’ म्हणतात, टिकून राहते. पुढे मोठ्या दवाखान्यात जावं लागलं तर तिथे हाच ब्लॉक पुन्हा बघता येतो, नव्याने तुकडा काढायची गरज बरेचदा पडत नाही. म्हणून रिपोर्टचा कागद जपा आणि दुसरीकडे जाताना ब्लॉक मागून घ्या. तो मागणं तुमचा हक्क आहे. रिपोर्टची तारीख कॅलेंडरवर लिहा. तुकडा दिला आणि रिपोर्ट आणायला कुणी गेलंच नाही, असंही होतं, फार वेळा होतं.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला तर पुढची पायरी ऑपरेशन. सर्जन आधी जांघ, काख चाचपतो, सोनोग्राफी सांगतो, कधी सीटी स्कॅन. मग जखम काढतात, पण जखमेएवढीच नाही. सभोवारची चांगली दिसणारी कातडीही घ्यावी लागते. कारण डोळ्याला जिथे जखम संपते तिथे आजार संपतोच असं नाही. त्याची मुळं हरळीसारखी कातडीखाली पुढे गेलेली असू शकतात. नुसती वरची हरळी उपटली तर काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. चेहऱ्यावरच्या लहान पुळीला चार-पाच मिलिमीटर पुरतं. कमरेवरच्या किंवा जुन्या व्रणावरच्या जखमेला एक ते दोन सेंटिमीटर सोडून कापतात, आणि खाली मांसाच्या पडद्यापर्यंत. एवढ्याशा जखमेला एवढं मोठं भोक का पाडलं, असं नातेवाईक रागाने विचारतात. त्याचं उत्तर हेच.

काढलेल्या भागाला एका बाजूला दोऱ्याची खूण करून तो पुन्हा तपासायला पाठवतात. आता प्रश्न असतो, सगळ्या कडा मोकळ्या आहेत का. मोकळ्या असल्या तर चांगलं. एखाद्या बाजूला आजार कडेपर्यंत आला असेल तर त्या खुणेवरून नेमकी ती बाजू कळते आणि तेवढीच पुन्हा काढता येते. म्हणून पहिल्या रिपोर्टइतकाच हा दुसरा रिपोर्ट महत्त्वाचा.

भोक बुजवायचं कसं? लहान असेल तर दोन्ही कडा ओढून टाके. कमरेवर कातडी थोडी सैल असते, बरेचदा जमतं. मोठं असेल तर मांडीवरची कातडीची पातळ साल काढून तिथे लावतात. मांडीवर भोक पडत नाही, खरचटल्यासारखी जागा होते आणि साधारण दोन आठवड्यांत भरते. मात्र दुखते तीच जास्त. बायका म्हणतात, कमरेचं काही नाही हो, मांडीच झोंबते. लावलेली कातडी धरते की नाही ते पाचव्या दिवसाच्या सुमारास पट्टी उघडल्यावर दिसतं. तोवर ती जागा हलू द्यायची नाही, खाली रक्त साठू द्यायचं नाही. ती जागा नंतर रंगाने वेगळी दिसते. हाडावर किंवा सांध्यावर नुसती साल टिकत नाही, तिथे शेजारची कातडी मांसासकट फिरवून बसवतात.

जांघेतल्या गाठींत आजार असेल तर त्याही काढाव्या लागतात. त्यानंतर पायाला सूज राहू शकते. हे ऑपरेशनआधी सांगितलं गेलं पाहिजे, नाही सांगितलं तर विचारा. काहींना नंतर रेडिएशन देतात, ज्याला आपल्याकडे शेक किंवा लाईट म्हणतात. पायावरच्या व्रणाचा कॅन्सर हाडापर्यंत गेला असेल तर पाय वाचवता येत नाही. व्रणावरचा कॅन्सर कातडीच्या इतर साध्या कॅन्सरपेक्षा जास्त आडदांड असतो, गाठींत लवकर उतरतो. महिन्याच्या जखमेत आणि दोन वर्षांच्या जखमेत फरक पडतो तो इथे. एकीत टाके घालून बाई घरी, दुसरीत जांघ, सूज, शेक, महिनोन्महिने हेलपाटे.

खर्चाचं. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि रेडिएशन बसतं. कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण योजनेत असलेल्या दवाखान्यातच. तिथे गेल्यावर आधी आरोग्यमित्राचा टेबल शोधा, रेशनकार्ड आणि आधार दाखवा. रेशनकार्डावर तुमचं नाव आहे का, ते बरोबर लिहिलं आहे का, हे आजारी पडायच्या आधी बघून ठेवा. माहेरचं नाव, सासरचं नाव यात बायकांचे दिवस वाया जातात. सुरुवात गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा, तिथून जिल्हा रुग्णालयाला चिठ्ठी मिळते. आशाताई बरोबर असली तर काम लवकर होतं, हा माझा अनुभव. कमर उघडी करून दाखवायला लाज वाटते, डॉक्टर पुरुष असतो. नर्सबाईंना जवळ उभं राहायला सांगा. हे मागण्यात काही वावगं नाही, दवाखान्यानेही तसं करायला हवं.

ऑपरेशननंतर पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी दाखवायला यायचं, मग थोडं लांबवायचं. डॉक्टर तीच जागा आणि जांघ तपासतात. आणि घरी एक प्रश्न उभा राहतो, आता नेसायचं काय? कमरेवर आता काही आवळायचं नाही. मघाच्या आजींचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं, कडा मोकळ्या आल्या. सुनेने गाऊन आणला तर आजी म्हणाल्या, गावात मी हे घालून फिरणार नाही. सुनेने मग परकरालाच वर दोन बंद लावले, खांद्यावरून येणारे, पोरींच्या फ्रॉकला असतात तसे. वजन खांद्यावर गेलं, साडी तशीच राहिली. हे मला सुचलं नसतं.

ज्यांच्या गटात शिलाई मशीन आहे त्यांच्यासाठी हे मुद्दाम सांगितलं. तुम्ही परकर शिवता, बाजारात विकता. नेफ्यात बारीक दोरी ओवण्याऐवजी चार बोटं रुंद कापडी पट्टा लावून बघा. बाजूला दोन-तीन हुक ठेवा म्हणजे जेवल्यावर सैल करता येईल. रुंद पट्ट्याने वजन पसरतं, कातडीत रुतत नाही. नाडीच वापरायची असेल तर ती सुती आणि चपटी घ्या, नायलॉनची गोल दोरी नको. गाठ एक दिवस उजवीकडे, एक दिवस डावीकडे. परकर कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली. घरी आल्यावर आणि रात्री सैल करा, घाम पुसून जागा कोरडी करा, खरखरीत झाली असेल तर झोपताना खोबरेल चोळा. नऊवारी नेसणाऱ्या आज्यांनी कमरेची गाठ अशीच सैल ठेवायची. तिथे चीर पडली असेल तर ती भरेपर्यंत त्या जागी काहीही बांधायचं नाही, आणि चीर पडली ती तारीख लक्षात ठेवायची. महिना तिथून मोजायचा.

तुमच्या सासूबाईंची, आईची कमर आणि पाठ त्यांना स्वतःला दिसत नाही. पाठ चोळून द्यायला बसाल तेव्हा तेवढी नजर टाका. पुढच्या महिन्याच्या भाषणात आपण तळपायांच्या भेगांबद्दल बोलू. नमस्कार.